जुन्या व्हिडिओ गेमचा मालक शोधायचा कसा? सीडीच्या पाठीपासून करारनाम्यापर्यंत

पावसाळ्याआधी आईचा नौपाड्यातला माळा आवरताना एक सीडी सापडली. मराठी बोलणारा, किल्ल्यावर फिरवून आणणारा लहान मुलांचा गेम. २००१ च्या दिवाळीत मामाने गोखले रोडवरच्या एका दुकानातून आणलेला. तेव्हा विंडोज ९८ वर मस्त चालायचा. आताच्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडते आणि मिटते. भाच्याला तो खेळायला मिळावा, जमलं तर नव्या विंडोजसाठी रीतसर पुन्हा काढावा, असं डोक्यात आलं. रीतसर म्हणजे मालकाला विचारून. तो मालक शोधण्यात दीड वर्ष गेलं. गेमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण थोडी बोलणी अजून बाकी आहेत.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. मी मालकाचं नाव शोधत बसले. आमच्या सोसायटीचं डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डर सही देत नसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं) करून दिलेले वकीलकाका ऐकून हसले. म्हणाले, "अगं, नाव काय शोधतेस? फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी शोध. नाव आपोआप पुढे येईल." ठाण्यात ज्यांच्या इमारतीचा बिल्डर कन्व्हेयन्स न करताच गायब झालाय, त्यांना हे लगेच कळेल. जागा कुणाकडून कुणाकडे गेली आणि कोणत्या सहीच्या कागदाने गेली, ही साखळी जुळली पाहिजे. मधला एक कागद नसला की पुढची सगळी नावं सांगोवांगीच.

आधी ठरवा: तुम्हाला नक्की कशाचा हक्क हवाय?

नवी मुंबईत फ्लॅट घेतलेल्या माणसाला मालकीचे थर समजावून सांगावे लागत नाहीत. जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याने दिलेली, इमारत सोसायटीची, फ्लॅट आपला. गेमचंही तसंच असतं. प्रोग्राम एकाचा, चित्रं दुसऱ्याची, संगीत तिसऱ्याचं, नाव आणि लोगो चौथ्याचा, आणि गेम सिनेमावर बेतलेला असेल तर पात्रं पाचव्याची.

कॉम्प्युटर क्लासचे सर बाहेर गेले की आम्ही जो उघडायचो, तो १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घ्या. तो जॉर्डन मेकनरने लिहिला. त्याच्या मूळ कोडच्या फ्लॉपी वडिलांच्या घरी सापडल्या आणि २०१२ मध्ये त्याने तो कोड जाहीर केला. सोबत स्पष्ट लिहिलं की कोडचा हक्कदार म्हणून लोकांनी तो अभ्यासायला आपली हरकत नाही, पण त्यामुळे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या मालिकेवर कुणाला हक्क मिळत नाही. ती युबीसॉफ्टच्या हातात आहे. म्हणजे कोडचं उत्तर एक आणि नावाचं वेगळं.

गाण्यांचा थर तर सगळ्यांत लवकर सडतो. सायबर कॅफेत तासाच्या बोलीवर खेळलेला 'जीटीए सॅन अँड्रियास' २००४ चा. २०१४ मध्ये त्याच्या स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातल्या आवृत्तीतून बरीच गाणी काढावी लागली, कारण गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपली होती. गेमचा मालक जागच्या जागी होता, तरीही.

म्हणून कागदावर एक ओळ लिहा: मला हा गेम पुन्हा विकायचाय, की फक्त मराठी भाषांतर जोडायचंय, की त्याच नावाने नवा बनवायचाय? नवा बनवायचा असेल तर ट्रेडमार्क आणि पात्रं महत्त्वाची. आहे तसा विकायचा असेल तर सगळेच थर लागतात. "मी फक्त भाषांतराची फाइल देतेय" म्हणूनही सुटका नाही. भाषांतर करण्याचा हक्कही मूळ हक्कदाराकडेच असतो.

"इतका जुना आहे, आता कुणाचाच नसेल" हा विचार तर सोडूनच द्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि त्याला लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण मिळतं. अमेरिकेत कंपनीसाठी पगारावर केलेल्या कामाला प्रकाशनापासून ९५ वर्षं. घरगुती व्हिडिओ गेम बाजारात आले १९७२ मध्ये. हिशोब तुम्हीच करा. 'अबँडनवेअर', म्हणजे मालकाने वाऱ्यावर सोडलेलं सॉफ्टवेअर, हा शब्द चाहत्यांचा आहे, कायद्याचा नाही.

सीडीची पाठ, डबा आणि फाइलीच्या पोटातलं

भिंग घ्या. खरंच घ्या, माझ्या सीडीवरची ओळ दोन मिलिमीटरची होती. गोलातल्या सी अक्षरापुढे ज्याचं नाव आहे तो कॉपीराइट सांगणारा. 'निर्मिती', 'वितरण', 'यांच्या परवान्याने' हे शब्द वेगळे आणि त्यांचे अर्थही वेगळे. माझ्या डब्यावर मोठ्या अक्षरात लॅमिंग्टन रोडच्या वितरकाचं नाव होतं, तर गोलातल्या सी पुढे ठाण्याच्या एका फर्मचं. शिवाय डब्यावर २००१ आणि सीडीवर २०००. वर्षं वेगळी दिसली तर दोन्ही टिपून ठेवा. बहुतेक वेळा मध्ये आणखी एखादी आवृत्ती किंवा करार दडलेला असतो.

मग पुस्तिका, नोंदणीचं कार्ड, रीडमी फाइल, इन्स्टॉल करताना येणारा परवान्याचा मजकूर. हा मजकूर आपण सगळेच न वाचता पुढे ढकलतो, यावेळी वाचा. ईएक्सई फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये कॉपीराइटची ओळ असते. गेम चालत नसेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (आपल्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर) जुनी विंडोज टाकून शेवटची श्रेयनामावली गाठा आणि फोटो काढा.

माझ्या श्रेयनामावलीत प्रोग्रामरचं नावच नव्हतं. शेवटी ईएक्सई फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतला कच्चा मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली. हजारो निरर्थक चिन्हांच्या मधोमध एक फोल्डरचा पत्ता सापडला: डी ड्राइव्ह, मग 'प्रोजेक्ट', मग 'किल्ला फायनल टू', आणि त्याआधी एका मुलाचं पहिलं नाव. गेम ज्या कॉम्प्युटरवर तयार झाला त्याचा पत्ता फाइलमध्ये तसाच राहून गेला होता. ही ओळ पुढे दीड वर्षातला सगळ्यांत कामाचा पुरावा ठरली.

परदेशी गेम असेल तर यानंतर मोबीगेम्स या गेमच्या माहितीच्या साइटवर त्याचं पान बघा: देशागणिक प्रकाशक आणि पूर्ण श्रेयनामावली मिळते. कंपनीची जुनी वेबसाइट इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या वेबपानांच्या संग्रहात उघडा, खास करून बंद पडण्याआधीची शेवटची दोन वर्षं. पण चाहत्यांच्या यादीतलं 'मालक अमुक' हे उत्तर नव्हे, फक्त सुगावा. ते कोणत्या कागदावरून लिहिलंय, हे क्वचितच कुठे सांगितलेलं असतं.

कंपनी विकली गेली, की कंपनीतला माल?

दुकान चालू स्थितीत मालकासकट बदललं, तर फळीवरचा माल जागेवरच राहतो. पण दुकानदाराने माल सुटा विकला, तर प्रत्येक वस्तूची पावती वेगळी. कंपन्यांचंही असंच. शेअर विकले तर हक्क त्याच कंपनीकडे राहतात, फक्त वरचा धनी बदलतो. मालमत्ता विकली तर कोणत्या गेमचं नाव कोणत्या यादीत होतं, हे बघावं लागतं.

पहिल्या प्रकाराचं घरचं उदाहरण इंडियागेम्स. मुंबईची कंपनी, १९९९ ची. २००५ मध्ये चीनच्या टॉम ऑनलाइनने बहुसंख्य हिस्सा घेतला, २००७ मध्ये तो यूटीव्हीकडे आला, आणि २०१२ मध्ये यूटीव्हीच डिस्नेच्या ताब्यात गेली. नोकियाच्या फोनवर खेळलेल्या त्यांच्या एखाद्या गेमचा माग काढायचा तर ही शिडी चढावी लागेल.

दुसऱ्याचं उदाहरण अमेरिकी गेम प्रकाशक टीएचक्यू. डिसेंबर २०१२ मध्ये दिवाळखोरी, २०१३ मध्ये तुकड्यातुकड्याने लिलाव. 'कंपनी ऑफ हीरोज' बनवणारा स्टुडिओ सेगाकडे, 'होमवर्ल्ड' गिअरबॉक्सकडे, 'डार्कसायडर्स' आणि 'रेड फॅक्शन' नॉर्डिक गेम्सकडे. पुढे नॉर्डिकने टीएचक्यू हे नावही विकत घेतलं आणि २०१६ मध्ये स्वतःचं नाव टीएचक्यू नॉर्डिक केलं. डब्यावरचं नाव आज एखाद्या कंपनीच्या पाटीवर दिसतंय म्हणून हक्कही तिच्याकडेच असतील, असं समजू नका.

कागद कुठे मिळतात? भारतीय प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या साइटवर 'कंपनी मास्टर डेटा' फुकट दिसतो. त्यातल्या 'स्टेटस'वर पुढचा रस्ता ठरतो. 'अमॅल्गमेटेड' असेल तर विलीनीकरणाचा आदेश शोधा. डिसेंबर २०१६ च्या आधीचे असे आदेश उच्च न्यायालयाचे असायचे, नंतरचे एनसीएलटीचे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे. 'स्ट्राइक ऑफ' असेल तर कंपनी रजिस्टरवरून काढली गेलीय. कंपनीमागे १०० रुपये भरले की तिचे दाखल केलेले कागद बघता येतात. त्यात 'चार्ज' नक्की बघा: कर्जापोटी बँकेकडे काय काय गहाण ठेवलं होतं.

ब्रिटिश कंपन्यांसाठी कंपनीज हाउस आहे, बहुतेक कागद फुकट. तिथे बंद झालेल्या कंपनीची उरलेली मालमत्ता राजसत्तेकडे जाते, आणि त्यात कॉपीराइटही आला. अमेरिकेतली कंपनी शेअर बाजारात असेल तर तिथला शेअर बाजार नियामक एसईसी याच्या एडगर या साइटवर वार्षिक अहवाल आणि मोठे करार जोडलेले सापडतात. दिवाळखोरीचे कागद तिथल्या न्यायालयाच्या पेसर यंत्रणेत. वाचायला कंटाळवाणे असतात, पण परिशिष्टातली यादी सोनं असते.

विचित्र वळणंही येतात. 'सिस्टम शॉक २' बनवणारा लुकिंग ग्लास हा स्टुडिओ २००० मध्ये बंद पडला आणि हक्क चक्क एका विमा कंपनीकडे गेले; ट्रेडमार्क मात्र इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे. मध्य अमेरिकेत फिरायला गेलेल्या स्टीफन किकला तो गेम लॅपटॉपवर खेळता येईना, म्हणून त्याने चौकशी सुरू केली, विमा कंपनीशी करार केला आणि २०१३ मध्ये गेम पुन्हा विक्रीला आला. त्यातूनच त्याची नाइट डाइव्ह कंपनी उभी राहिली.

याच नाइट डाइव्हला २००० सालचा 'नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर' मात्र जमला नाही. बनवणारा मोनोलिथ, जो २००४ मध्ये वॉर्नरने घेतला. प्रकाशक फॉक्स इंटरॅक्टिव्ह, जो २००३ मध्ये विवेंडीकडे गेला, आणि विवेंडीचा गेम विभाग २००८ मध्ये ॲक्टिव्हिजनमध्ये विलीन झाला. तीन मोठ्या कंपन्यांची दारं ठोठावली. हक्क नक्की कुणाकडे किती, याचं ठाम उत्तर कुणीच देईना. तरी अडवायला मात्र तयार. जुन्या बाजारात हे फार नवलाचं नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत असं दिसलं.

माझ्या ठाण्याच्या फर्मचं काय झालं

एमसीएवर नाव टाकलं, काही नाही. स्पेलिंग बदलून टाकलं, तरी काही नाही. डब्यावरच्या पत्त्यावर गेले तर इमारतच रिडेव्हलपमेंटला गेलेली. पत्र्याच्या कुंपणाआड क्रेन. आठवडाभराने वकीलकाकांनी विचारलं, "नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड आहे का?" नव्हतं. नुसतं 'आणि कंपनी' होतं, म्हणजे भागीदारी फर्म. तिची नोंद एमसीएकडे नसतेच. ती रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे. भारतातले त्या काळचे बरेच छोटे सीडीवाले असेच भागीदारी किंवा एकट्याच्या धंद्याचे होते, म्हणून हा फाटा आधीच बघा.

तिथून नोंदीची प्रमाणित नक्कल मिळाली: दोन भागीदार, फर्म २००६ मध्ये विसर्जित. थोरले वारले होते. त्यांच्या पत्नी चरईत राहतात. फोनवर म्हणाल्या, "ये गं बाळा, पण दुपारी चारनंतर." पलंगाखालची ट्रंक निघाली आणि तीत विसर्जनाचा करारनामा. परिशिष्टात एकच ओळ: सर्व सीडी, मास्टर प्रती व त्यावरील हक्क भागीदार क्रमांक दोन यांचेकडे. ट्रंकेतून ओळ निघाली नसती तर अर्धा हिस्सा वारसांकडे गृहीत धरावा लागला असता. कॉपीराइटही वारशाने जातो, दागिन्यांसारखाच.

भागीदार क्रमांक दोन पाचपाखाडीत. मनमोकळे गृहस्थ. "सगळं माझंच आहे, घेऊन टाका." मी जवळजवळ नाचतच घरी आले. वकीलकाकांनी विचारलं, "प्रोग्राम लिहिणारा पगारावर होता का?"

इथेच भारतातल्या बहुतेक जुन्या गेमची साखळी तुटते. नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. पण बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतलं, तर प्रोग्रामचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो, जोवर तो सही करून लेखी देत नाही. पैसे दिले म्हणजे हक्क मिळाला, असं नाही. संगीतालाही हेच लागू. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा नियम थोडा वेगळा आहे. त्यात पैसे देणाऱ्याची बाजू बळकट असते. आणि लेखी हस्तांतर असलं तरी त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे 'हक्क दिले' एवढ्याच ओळीचा २००१ मधला कागद आज बहुधा संपलेला.

फाइलीच्या पोटात सापडलेल्या त्या पहिल्या नावाचा मुलगा तेव्हा नवी मुंबईत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. कागद काहीच झाला नव्हता. रोख आठ हजार रुपये आणि एक जुना मोडेम. म्हणजे ज्या कोडसाठी मी वर्षभर भागीदार शोधत होते, त्याचा मालक खारघरमध्ये राहत होता आणि त्याला त्याची कल्पनाही नव्हती.

रजिस्टरं: कुठे किती विश्वास ठेवायचा

भारतात कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे कॉपीराइट कार्यालयाच्या शोधात नाव नसलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसची १९७८ पासूनची सूची ऑनलाइन आहे. तिथे गेमच्या नावासोबत 'रेकॉर्डेड डॉक्युमेंट्स'ही बघा. हस्तांतराचे आणि बँकेच्या तारणाचे कागद त्यात नोंदलेले असतात.

ट्रेडमार्कसाठी भारताची आयपी इंडिया, अमेरिकेची यूएसपीटीओ, जपानची जे-प्लॅटपॅट. ट्रेडमार्कचे वर्ग ९, २८ आणि ४१ (सॉफ्टवेअर, खेळणी, मनोरंजन) तपासा. नोंद 'डेड' किंवा 'ॲबँडन्ड' दिसली तर हुरळून जाऊ नका: ते नावापुरतं, कोडचा आणि चित्रांचा कॉपीराइट जिवंतच असतो.

पत्र असं लिहा

माझं पहिलं पत्र एका मोठ्या कंपनीला होतं, दुसऱ्याच एका गेमबद्दल: "या गेमचे हक्क आपल्याकडे आहेत का?" उत्तर आलं नाही आणि येणारही नव्हतं. फायद्याची खात्री नसताना विधी विभागातला कुठला माणूस जुनी खोकी उपसेल? त्याचं काम तुम्ही आधी करून द्या. प्रोग्रामरला लिहिलेलं पत्र असं होतं:

"नमस्कार सर. २००० मध्ये आपण लिहिलेल्या किल्ल्याच्या गेमबद्दल लिहीत आहे. फर्मचे विसर्जनपत्र सोबत जोडले आहे. प्रोग्रामच्या हक्काबद्दल आपल्यात व फर्ममध्ये काही लेखी झाले होते का, एवढेच आधी विचारायचे आहे. झाले नसेल तर विंडोजवर विक्री व मराठी-इंग्रजी मजकुरासाठी दहा वर्षांचा परवाना आणि विक्रीतला वाटा, असा प्रस्ताव आहे. गेमचा दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत आहे."

चाळीस मिनिटांत फोन आला. व्हिडिओमुळे, दुसरं काही नाही. स्वतःचं वीस वर्षांपूर्वीचं काम त्यांनी पुन्हा पाहिलंच नव्हतं.

मामलेदार मिसळीत बसून कागद वाचले आणि तिथून थेट वकीलकाकांकडे जाऊन सह्या केल्या. परवान्यात मुदत, प्रदेश, कोणती मशीन, वाटा, आणि 'हा हक्क माझा आहे व तो आधी कुणाला दिलेला नाही' हे वाक्य असलंच पाहिजे. भागीदार क्रमांक दोन यांच्याकडून चित्रं आणि नाव यांचा वेगळा कागद केला. दोघांना एकमेकांचे कागद दाखवले. न दाखवता गोळा केलेल्या सह्या पुढे भांडण लावतात.

कुणी सापडलंच नाही तर

किल्ल्याच्या दरवाजात वाजणाऱ्या पोवाड्याचा संगीतकार अजून सापडलेला नाही. श्रेयनामावलीत फक्त आडनाव आहे, डोंबिवलीचे होते एवढं भागीदारांना आठवतं. हक्कदार सापडत नाही आणि कृती लोकांपर्यंत पोहोचतच नाही, अशा वेळेसाठी कायद्यात कलम ३१-अ आहे: देशभर जाणाऱ्या इंग्रजी दैनिकात प्रस्तावाची जाहिरात द्यायची आणि मग व्यावसायिक न्यायालयाकडे परवाना मागायचा. मोठ्या कामासाठी हा रस्ता ठीक. दीड मिनिटाच्या पोवाड्यासाठी मला तो झेपणारा नाही. उत्तर आलं नाही म्हणजे होकार, असंही नाही. शोधाची तारीखवार वही मात्र ठेवा: कुणाला, कधी, कोणत्या पत्त्यावर लिहिलं. उद्या संगीतकार समोर आले तर दाखवायला ती असेल.

तोवर विकत घेतलेल्या सीडीची स्वतःपुरती सुरक्षित प्रत काढायला कायदा हरकत घेत नाही. ती मी काढलीय, आणि भाचा व्हर्च्युअल मशीनमध्ये खेळतोय. विक्रीच्या आवृत्तीसाठी ओळखीतल्या एका शाहिरांकडून नवं कडवं बसवून घेतेय. यावेळी पहिल्या तालमीआधीच दोन पानी करारावर सह्या झाल्या.